सोयऱ्याचं रक्त

माय, परवा तुझा बारका माझ्याकडं जालन्याला आला. जिना स्वतःच्या पायानं चढला, चपला दारातच उडवल्या आणि आल्या आल्या म्हणाला, "ताई, लसणाची चटणी अन् भाकर टाक, पथ्याचं मऊमऊ खाऊन जीभ मेली माझी." मी गॅसकडं तोंड फिरवलं आणि पहिली भाकर चक्क जाळली. त्यानं लागलीच टोमणा मारला, "मायची भाकर कधी जळली न्हाई." तुझी भाकर त्याला काय आठवणार, डोंबल! तू गेलीस तेव्हा त्याच्या चड्डीची नाडी मी बांधत होते. पण बोलू दिलं त्याला. मागच्या साली याच दिवसांत तो काचेच्या पलीकडं होता आणि मी बाहेर उभी राहून नुसते हात हलवत होते. आता तो समोर बसून मला नावं ठेवतो आहे, यापरीस मला दुसरं काय पाहिजे? हे सगळं तुला सांगायचं आहे, कारण यातलं निम्मं तुझंच करणं आहे आणि निम्म्यासाठी मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तो एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आणि मी बियाण्याच्या कंपनीत, उगवण तपासायच्या लॅबमध्ये. रस्ता एकच, म्हणून सकाळी त्याच्या गाडीवर मागं बसून जायचे. एक दिवस त्याच्या दंडावर निळे डाग दिसले. मी म्हणाले, कुठं मार खाऊन आलास? तो हसला. मग दात घासताना रक्त यायला लागलं, मग जिना चढताना धाप, आणि मग जालन्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचून आम्हाला पुण्याला पाठवलं. हाडातल्या मगजानं रक्त तयार करायचं सोडून दिलं होतं. पुण्याच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड, पण खोटा धीर देणारी बाई नव्हे. त्या म्हणाल्या, दुसऱ्या कुणाचा तरी मगज द्यावा लागेल, आणि तो जुळणारा पाहिजे. रक्तगट जुळून भागत नाही. एचएलए नावाचे जनुक असतात, ते जुळायला हवेत. अर्धे आईकडून येतात, अर्धे बापाकडून.

माझं अर्धं जुळलं. बाप म्हणून आबांचंही अर्धंच जुळणार होतं, शिवाय त्यांचं वय. मॅडम म्हणाल्या, अर्ध्यावरही करतात, पण त्याच्या बाबतीत पूर्ण जुळणारा मिळाला तर फार बरं. आणखी रक्ताचं कुणी? मग काय विचारतेस! आबांनी गावात शब्द टाकला आणि आपली सगळी भावकी जीप करून पुण्याला आली. चुलते आले, चुलतभाऊ आले, बांधावरून ज्यांच्याशी कोर्टात तारखा चालल्यात तेसुद्धा आले. गालाच्या आतून कापूस फिरवून घेतात, तेवढंच काम. पण एकेकाचा थाट असा की जणू छाती फाडून काळीज काढून द्यायला निघालेत. मला त्यांचं हसू येत होतं आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं. जुळलं कुणाचंच नाही. आबा मॅडमसमोर टोपी मांडीवर ठेवून बसले आणि म्हणाले, "झाले समदे. भावकी संपली."

मॅडमनी विचारलं, "आणि आईकडचे?" मी म्हणाले, "ते सोयरे आहेत." असं म्हणाले की जणू विषयच मिटला. बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "सोयरे म्हणजे आईचा सख्खा भाऊ वगैरे ना? ते रक्ताचे नाहीत का?" माय, मी जमिनीत गेले. आपल्याकडं रक्त म्हणजे भावकी, सुतक धरतात ते. सोयरे म्हणजे आहेर करतात ते. हे इतकं हाडात मुरलेलं की शिकून-सवरून मला सुचलं नाही. आणि मी कोण? सबंध दिवस नर-मादीच्या वाणांचं बी तपासणारी! कपाशीच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला तू मला घेऊन जायचीस, मादीच्या फुलावर नराचं फूल घासताना सांगायचीस, दोन्हीकडचं उतरलं पाहिजे. कपाशीला कळतं ते मला कळू नये! मी मॅडमना सांगितलं, मामा वारले, पण त्यांची मुलं आहेत वडीगोद्रीकडं. आणि मामी म्हणजे माझी सख्खी आत्या. बाईंनी पेन खाली ठेवला. "म्हणजे त्या मुलांचे आणि तुमचे चारही आजी-आजोबा तेच?" आबा खाली मान घालून म्हणाले, "साटंलोटं हाये मॅडम. आमी बहीन देली, त्यांची बहीन केली." बाई म्हणाल्या, "मग आधी त्यांना आणा. जुळेलच असं नाही, पण आशा तिथं जास्त आहे."

आणा म्हणे! कुणाच्या तोंडानं आणायचं? तुला ठाऊक आहे सगळं, तरी लिहिते, कारण माझ्या बाजूनं तू कधी ऐकलंच नाहीस. मी अंबडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आत्या साडीचोळी घेऊन आली, तिच्या थोरल्या लेकासाठी मला मागायला. मामाची पोरगी हक्काची, आबाही आतून राजीच होते. तू मात्र ओसरीवर येऊन ठणकावलंस, "मामाची असंल, पन मी त्याची आत्या न्हाई का? आत्याची पोरगी बहीन लागती. बहिनीशी लगीन लावता का?" सगळे गार! साटंलोट्याचं नातं, दोन्ही बाजूंनी बरोबर. मला वाटलं, माझी माय केवढी धर्माची. तू आत आलीस, भाताचं झाकण काढलंस आणि हळूच म्हणालीस, "तुला शिकायचं हाये ना? मंग तोंडाला कुलूप लाव. पोरगी लहान हाये म्हनलं तर लोक दोन वर्स थांबतेत, शिकून राह्यली म्हनलं तर हसतेत. बहीन लागती म्हनलं की समदे गप बसतेत." अगं लबाडे! माझी सगळी डिग्री, माझी नोकरी, त्या एका वाक्यावर उभी आहे.

पण आत्या वेडी नव्हती. तुम्ही दोघी एकमेकींच्या नणंदाही आणि भावजयाही, एकाच मांडवात लागलेल्या. तुझी नस तिला माहीत होती. साडीची पिशवी उचलून ती अंगणात उभी राहिली आणि साऱ्या गल्लीनं ऐकावं असं बोलली, "भावाच्या दारातून मला रिकामी लावून देली ना? मंग ध्यानात ठेव, या घरचं पानी तुला पचायचं न्हाई." पुढच्याच उन्हाळ्यात विहिरीचं पाणी नासलं आणि गल्लीत कावीळ आली. घरोघरी पिवळे डोळे. मला झाली, बारक्याला झाली, शेजारच्या म्हातारीला झाली, आणि सगळे उठले. तुला चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवायला नेलं, पिवळं पाणी निघालं, लोक म्हणाले उतरली. मग तू बरळायला लागलीस तेव्हा जीप काढली. तू एकटीच उठली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून गावाला बोलायला एकच वाक्य, तळतळाट लागला. आत्या मातीला आली तर चुलतीनं तिला गल्लीच्या तोंडालाच अडवलं, "आता काय बघाया आली?" ती तिथूनच परत गेली. मी सायन्सची विद्यार्थिनी, मी म्हणायचे असलं काही नसतं. पण आत कुठंतरी मीही तिला गुन्हेगार ठरवून ठेवलं होतं, नाहीतर इतकी वर्षं वडीगोद्रीवरून एसटी जाताना मी खिडकीबाहेर बघायचं का टाळलं असतं?

त्या एसटीतून मी यावेळी उतरले. आबा म्हणाले होते, मी येतो. मी म्हणाले, तुम्ही रडाल, नको. तुझ्या माहेरचं घर आता स्लॅबचं झालंय, मागं मोसंबीची बाग आहे. आत्या ओट्यावर तुरी निवडत बसली होती. किती बारीक झाली आहे गं! मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. सुपडं बाजूला सारून म्हणाली, "ये. पानी..." आणि तिथंच थांबली. मीच आत गेले, माठातलं पाणी घेतलं, तिच्यासमोर उभी राहून प्याले आणि मग सांगितलं. बारका असा-असा आहे. सोयऱ्यांचं रक्त तपासायचं आहे. मी वाट बघत होते की ती आता जुनं काढील, साडीची पिशवी काढील, आणि मी तयारीनं आले होते, पाया पडायच्या आणि भांडायच्याही. ती म्हणाली, "थोरल्याला बागेतून बोलाव." तो आला, हात मातीनं भरलेले, डोक्यावरचे केस बरेच गेलेले. (मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.) सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "कवा यायचं?" आत्या म्हणाली, "कवा काय? उद्याच जा. दोगं भाऊबी जा. अन् न्हाई जुळलं तर माझं काढा. समदं काढा म्हनावं, मला काय करायचं हाये."

थोरल्याचं जुळलं. पूर्ण. मॅडमनी फोनवर सांगितलं तेव्हा मी लॅबमध्ये होते, उगवणीचे ट्रे समोर. मी ट्रे तसेच टाकून आबांना फोन लावला. नंतर माझ्या मनात आलं ते ऐक आणि राग मानू नको. तू त्या सोयरिकीला नाही म्हणालीस ते माझ्या भल्याचं होतं. पण तुमचंच ते साटंलोटं, ज्याला तू जन्मभर नावं ठेवलीस, 'गुरं बदलावी तशा आमाला बदललं' म्हणायचीस, त्याच्यातूनच तुझ्या लेकराला जुळणारा माणूस निघाला. मी मॅडमना म्हणाले, मग नात्यातलीच लग्नं बरी म्हणायची! त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. द्यायला-घ्यायला सोपं जातं, पण दोन्हीकडून तेच ते जनुक आले तर विषाणू ओळखायला पोराकडं हत्यारं कमी पडतात. वेगवेगळे असलेले बरे." तेव्हा तूही बरोबर आणि आबाही बरोबर, आता भांडा दोघं.

मगज दिल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. त्या नव्या पेशी रुजेपर्यंत बारक्याच्या अंगात राखण करायला कुणीच नव्हतं. एक विषाणू असतो म्हणे, बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून गप पडून असतो. तो उठला. बारक्याला ताप भरला, डोळे खोल गेले. काचेपलीकडून तो मला हातानं खुणावत होता, घरी ने. औषधं चालू होती, पण मॅडम म्हणाल्या, औषध त्याला दारात अडवून धरील, हुसकून लावायचं काम पेशींचं. टी-पेशी म्हणतात त्यांना. त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं आणि मला तुझी चूल आठवली. तू भातातलं एक शीत पळीवर काढून बोटानं दाबायचीस ना, तसंच. शरीरातली प्रत्येक पेशी आत काय शिजतंय त्याचं एक शीत दारात आणून धरते. टी-पेशी दारोदार हिंडून ते शीत तपासतात. घरचं असलं तर पुढं जातात, विषाणूचं असलं तर त्या पेशीलाच संपवतात. शीत धरायची पळी कशी असणार ते हेच एचएलए जनुक ठरवतात. कुणाच्या पळीत एखाद्या विषाणूचं शीत नीट बसतं, कुणाच्या पळीतून निसटून जातं, आणि मग टी-पेशींना पत्ताच लागत नाही. थोरल्याच्या पेशी लहानपणापासून त्याच्याच पळ्या बघत शिकल्या. बारक्याच्या पळ्या हुबेहूब तशाच, म्हणून त्या परक्या अंगात जाऊनही आंधळ्या झाल्या नाहीत. आणि थोरल्याला तो विषाणू आधी कधीतरी होऊन गेलेला, त्याच्या पेशी त्याला ओळखत होत्या. आठवडे गेले. मग एक दिवस मॅडम रिपोर्ट बघून म्हणाल्या, उतरायला लागलाय. मी त्यांच्या गळ्यातच पडले, बिचाऱ्या घाबरल्या.

आपल्याकडं कांजिण्या आल्या होत्या ते आठवतं? बारका दोन वर्षांचा असेल, अंगावर तीळ ठेवायला जागा नव्हती. मला चार फोड आले आणि मी कडुलिंबाच्या पाल्यावर तंगड्या पसरून लोळत होते. तू माझ्यावरच ओरडलीस, "एका घरातले, एका ताटातले, अन् तुला काहून काही होत न्हाई गं?" जसं काही मी चोरून पळाले होते. तेव्हा मला फार लागलं होतं. आता उत्तराचा निदान एक तुकडा माझ्याकडं आहे. ताट एक होतं, पण आईबापाकडून मला आलं ते आणि त्याला आलं ते सारखं नव्हतं.

मग मी मॅडमना तुझ्याबद्दल विचारलं. सगळी गल्ली उठली आणि माझी आईच का नाही? त्यांनी उगाच विद्वत्ता दाखवली नाही. म्हणाल्या, जनुकांचा हात असेल, पोटात जंतू किती गेले तेही असेल, अंगात रक्त कमी असेल, दवाखान्याला झालेला उशीर तर आहेच. तुमच्या आईचं तेव्हाचं रक्त आता कुठून आणायचं? कुणालाच सांगता यायचं नाही. मी म्हणाले, आमच्याकडं म्हणतात शाप लागला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते तेवढं मी खात्रीनं सांगते, शापानं नाही." पाणी पचायचं नाही म्हटल्यानं विहीर नासत नसते, हे मला काय कळत नव्हतं का, पण त्या बाईच्या तोंडून ऐकल्यावर माझ्या खांद्यावरची पाटी उतरल्यासारखी झाली. आणि लगेच वाटलं, मला एवढं हलकं वाटतंय तर आत्याचं काय होईल? तिनं तर माझ्याहून कितीतरी जास्त वाहिलं.

बारका घरी आल्यावर मी पेढे घेऊन वडीगोद्रीला गेले. थोरला बागेत होता, आम्ही दोघीच ओट्यावर. मी तिला सगळं समजावलं, शीत, पळी, पेशी, अगदी लॅबमध्ये नव्या पोरींना समजावते तसं. म्हणाले, आत्या, माय विषाणूनं गेली, तुझ्या शब्दानं गेली नाही. आता ते ओझं टाकून दे. ती सगळं ऐकत होती. थोरल्याच्या लग्नात तिनं मांडवात पाय ठेवला नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ज्या तोंडानं तसं बोलले त्या तोंडानं मंगलाष्टकं ऐकायची नाहीत, असं तिनं ठरवलं होतं. पेढा हातात तसाच धरून ती म्हणाली, "पोरी, तुझं बराबर असंल. डॉक्टरीन शिकलेली हाये, ती कशाला खोटं बोलंल. पन ते बोलनं तर माझंच व्हतं ना? इषाणूनं न्हाई म्हनलं, मी म्हनलं. ती जगली असती तरी मी म्हनलंच व्हतं. अन् ती तर माझ्या संगं एका मांडवात उभी राह्यलेली." माय, मॅडमनी यावरचं काही शिकवलं नव्हतं. मग तिनं माझा हात धरला आणि मी आत्ताच तुझ्याकडून निघून आले आहे अशा आवाजात विचारलं, "तिनं माफ केलं का मला? येवढं सांग."

तू केलं असतंस का, देव जाणे. शेजारणीनं चाळणी परत केली नाही तर तू सबंध वर्ष अबोला धरला होतास, तुझा स्वभाव मला का माहीत नाही? आणि आता हे लिहून तरी कुठं टाकू, तुला पत्ता नाही आणि आबांना हे दाखवायचं नाही. पण ती म्हातारी माझा हात सोडेना, आणि तिच्या लेकाचं रक्त तुझ्या लेकाच्या अंगात फिरत होतं. मी म्हणाले, "हाव, केलं." ती रडली, मीही रडले, आणि तिनं हातातला पेढा खाल्ल्यावरच मी उठले. तुला विचारलं नाही, माय.